सात वर्षे, सातासमुद्रापार

काळे पाणी हे दोन शब्द कानी पडले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अंदमान उभे राहते. सेल्युलर तुरुंगाच्या कोठड्या दिसतात, कोलू दिसतो आणि सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ आठवते. ते साहजिकच आहे. जे आपल्या माणसांनी भोगले तेच आपल्या शब्दांत मुरते. परंतु इंग्रजाने ही शिक्षा आपल्याकरिता नव्याने शोधून काढली, असे कोणी समजत असेल तर ते खरे नाही. सत्तावनच्या बंडानंतर दोनशे बंदिवानांची पहिली तुकडी घेऊन जहाज अंदमानच्या किनाऱ्याला लागले ते मार्च १८५८ मध्ये. त्याच्या आधी १४० वर्षे इंग्रज सरकार स्वतःच्याच प्रजेला समुद्रापार हाकलीत होते. हातरुमाल चोरणारी पोरे, मेंढी पळवणारे शेतमजूर, मालकिणीचे कपडे लांबवणाऱ्या मोलकरणी, हीच त्या जहाजांतील बहुसंख्य माणसे. काळ्या पाण्याचा पहिला प्रयोग गोऱ्यांनी गोऱ्यांवरच केला.

अठराव्या शतकातले इंग्लंड आज डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. शहरे फुगत चालली होती. खेड्यांतली गायराने कुंपणात जात होती. पोलीसदल म्हणून काही नव्हते, आणि तुरुंग होते ते खटला उभा राहीपर्यंत माणूस डांबून ठेवण्यापुरते. कायद्याजवळ गुन्हेगाराला सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, फाशी. शतकाच्या अखेरीस फाशीला पात्र अशा गुन्ह्यांची संख्या दोनशेवर गेली होती. पण पाच शिलिंगांच्या कापडासाठी माणूस टांगायचा म्हटले की पंचांचाही हात आखडे. मग ते चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवीत किंवा न्यायाधीश राजाकडे दयेची शिफारस करी. फाशी आणि मोकळीक यांच्या मधली एखादी शिक्षा सरकारला हवी होती. १७१८ च्या कायद्याने ती दिली. सात वर्षे, चौदा वर्षे किंवा जन्मभर देशाबाहेर. मुदतीआधी परत आलास तर फाशी.

ही माणसे प्रथम जात ती अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत. ठेकेदार त्यांना जहाजात भरून नेई आणि मेरीलँड, व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांना त्यांची मजुरी विकून पैसे करी. १७७५ पर्यंत सुमारे पन्नास हजार माणसे अशी गेली. मग अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि ते दार बंद झाले. न्यायाधीश मात्र शिक्षा ठोठावीतच राहिले. तेव्हा १७७६ साली कायदा करून शिडे-डोलकाठ्या उतरवलेली जुनी जहाजे थेम्स नदीत नांगरली आणि कैदी त्यांत कोंबले. ही तात्पुरती सोय पुढे ऐंशी वर्षे चालली. जहाजे भरली, त्यांत तापाची साथ पसरली, आणि सरकार जगाच्या नकाशावर नवी जागा शोधू लागले. कॅप्टन कुकबरोबर १७७० साली बॉटनी बे पाहून आलेले जोसेफ बँक्स यांनी त्या उपसागराचे नाव सुचवले होते. अखेर तेच ठरले.

नववीच्या वर्गात हा भाग सांगत असताना एकदा एका मुलीने विचारले, “सर, सात वर्षे संपल्यावर त्यांना परत कोण आणून सोडायचं?” प्रश्न साधा होता. उत्तरही साधेच आहे. कोणी नाही. कायद्यात नेण्याचा खर्च होता, आणण्याचा नव्हता. न्यायाधीश शिक्षा वर्षांत मोजून देत असे. भोगणाऱ्याला ती कोसांत भोगावी लागे. वर्षे आपोआप सरतात, कोस सरत नाहीत. काळ्या पाण्याचे सारे मर्म मला या एका गोष्टीत दिसते, आणि त्या इतिहासातली जी जी माणसे मला मोलाची वाटतात, त्यांची कहाणी या न सरणाऱ्या अंतराचीच कहाणी आहे.

१३ मे १७८७ रोजी कॅप्टन आर्थर फिलिपच्या हुकमतीखाली अकरा जहाजांचा तांडा पोर्टस्मथहून निघाला. त्यात सुमारे साडेसातशे कैदी होते. टेनेरिफ, रिओ द जानेरो, केप ऑफ गुड होप असे मुक्काम करीत २५२ दिवसांनी, २० जानेवारी १७८८ रोजी, सारी जहाजे बॉटनी बेला एकत्र आली. जागा पाण्यावाचून कुचकामाची निघाली, म्हणून तांडा थोडा उत्तरेला सरकला आणि २६ जानेवारीला सिडनीच्या खाडीत निशाण रोवले गेले. आपला प्रजासत्ताक दिन तोच ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिन, तो यामुळे. या तांड्यात जॉन हडसन नावाचा एक मुलगा होता. धुराडी साफ करणारा, अनाथ. चोरीबद्दल न्यायालयापुढे उभा राहिला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, जहाजात चढला तेव्हा तेरा. तागाचा झगा आणि रेशमी टोपी चोरणारी एलिझाबेथ हेवर्डही तेरा वर्षांचीच. या दोघांची शिक्षा एकच, सात वर्षे.

आता गंमत पाहा. एवढी तयारी करून तांडा निघाला, पण कोणाला किती वर्षांची शिक्षा झाली आणि ती कधीपासून मोजायची याचे कागदच बरोबर नव्हते. ते इंग्लंडात राहिले. खटल्यानंतर तीन-तीन, चार-चार वर्षे नदीतल्या जहाजांत काढलेली माणसे यांत होती. १७८९ साली त्यांतले काही पुढे येऊन म्हणू लागले, आमची मुदत भरली. फिलिप म्हणाला, कागद येईपर्यंत थांबा आणि काम करा. कागद यायचा तर वर्षभराचा समुद्र मध्ये. आपली मुदत संपली आहे हे सांगताना एक कैदी अधिकाऱ्याबद्दल वावगे बोलला, असे ठरून त्याला सहाशे फटक्यांची शिक्षा झाली. आणखी दुःखाची गोष्ट अशी की तो माणूस हिशेबाला चुकला नव्हता. त्याची मुदत खरोखरच भरलेली होती.

बरे, कागद आले आणि मुदत भरली हे सिद्ध झाले, तरी पुढे काय? पुरुषाला एखाद्या जहाजावर खलाशी म्हणून अंगमेहनत करून जाता येई. बाईला तीही वाट नव्हती. खिशात पैसा असेल तर भाडे भरावे, नाहीतर तिथेच राहावे. सरकारचा मूळ हेतूही हाच होता. गुन्हेगार नुसता दूर जायला नको होता, तो तिथेच रुजायला हवा होता. जेम्स रूस नावाच्या कैद्याने मुदत भरल्याचे सांगून जमीन मागितली, तेव्हा फिलिपने पॅरामॅटाजवळ थोडी जमीन देऊन त्याची परीक्षा पाहिली. १७९१ च्या आरंभी आपण आता सरकारी शिध्यावाचून जगू शकतो असे रूसने कळवले. त्याला तीस एकर मिळाले. कॉर्नवॉलचा हा घरफोड्या नव्या वसाहतीचा पहिला शेतकरी ठरला.

पण रूसचे पीक हाती येईपर्यंत वसाहत उपासमारीच्या काठावर होती. १७९० साली दुसरा तांडा आला तो अन्नाबरोबर मरणही घेऊन. हे काम ज्या कंपनीला दिले ती गुलामांच्या व्यापारात मुरलेली होती, आणि ठेका होता दर कैद्यामागे सतरा पौंड साडेसात शिलिंगांचा. पैसे जहाजात चढवलेल्या माणसामागे, उतरवलेल्या माणसामागे नव्हेत! कैदी वाटेत मेला तर ठेकेदाराचे नुकसान काहीच नव्हते, उलट त्याचा शिधा वाचत होता. सुमारे हजार माणसांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक समुद्रातच गेली. पुढे सरकारने पैशाचा काही भाग जिवंत उतरलेल्या कैद्यामागे देण्याची पद्धत घातली, १८१५ पासून प्रत्येक जहाजावर सरकारी डॉक्टर नेमला, आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा एकापर्यंत खाली आले. माणसांची दया कमी-अधिक झाली नव्हती. फक्त ठेक्यातली अट बदलली होती. याच उपासमारीच्या काळात, जून १७९२ मध्ये, कलकत्त्याहून ‘अटलांटिक’ जहाज सिडनीला आले. त्यात तांदूळ होता, रवा होता आणि डाळ होती. इंग्लंडच्या चोरांना बंगालच्या डाळ-तांदळाने जगवले, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकात कुठे सापडायची नाही.

वसाहतीच्या पहिल्याच महिन्यात, १० फेब्रुवारी १७८८ रोजी, कैद्यांतल्या पाच जोडप्यांची लग्ने लागली. त्यांतल्या दोन जोडप्यांकडे पाहण्यासारखे आहे.

पहिले विल्यम आणि मेरी ब्रायंट. विल्यम कॉर्नवॉलचा कोळी, मेरीही तिकडचीच. वाटमारीबद्दल झालेली फाशी सौम्य होऊन ती सात वर्षांसाठी आली होती. जहाजावरच तिला मुलगी झाली, पुढे सिडनीत मुलगा. विल्यमच्या हिशेबाने त्याची सात वर्षे मार्च १७९१ मध्ये भरली. त्याच महिन्याच्या २८ तारखेच्या रात्री तो, मेरी, दोन लेकरे आणि आणखी सात कैदी गव्हर्नरच्याच होडीत बसून पसार झाले. ती उघडी, सहा वल्ह्यांची होडी. तिच्यातून ऑस्ट्रेलियाचा सारा पूर्व किनारा चढून, टोकाला वळसा घालून, ६९ दिवसांत पाच हजार किलोमीटरवर ती माणसे डचांच्या तिमोर बेटावर पोहोचली. अकराच्या अकरा जिवंत! आम्ही फुटलेल्या जहाजातले लोक आहोत, असे त्यांनी सांगितले, पण ते सोंग फार दिवस टिकले नाही. पकडून परत नेताना बटाव्हियात मेरीचा मुलगा गेला, नवरा गेला. पुढे इंग्लंडच्या वाटेवर मुलगीही गेली. तिला समुद्रातच सोडावे लागले. मेरी एकटी लंडनच्या न्यूगेट तुरुंगात येऊन पडली. डॉ. जॉन्सनचा चरित्रकार जेम्स बॉस्वेल तिच्यासाठी सरकारदरबारी खेपा घालू लागला. मे १७९३ मध्ये तिला माफी मिळाली. बॉस्वेलने तिला वर्षाला दहा पौंडांची नेमणूक करून दिली. तिनेही त्याला एक भेट दिली. सिडनीहून निघताना चहासाठी बांधून घेतलेली रानपाने तिने एवढ्या प्रवासात जपून ठेवली होती. नवरा आणि दोन मुले तिच्या हातून सुटली आणि पानांची पुडी राहिली. ती पाने अजून जपलेली आहेत.

दुसरे जोडपे हेन्री आणि सुझॅना केबल. नॉरिचच्या तुरुंगात यांची ओळख झाली आणि तिथेच मूल झाले. सुझॅनाला जहाजावर नेले, तेव्हा कप्तानाने तान्ह्या पोराला घ्यायचे नाकारले. तिच्याबरोबर आलेला तुरुंगरक्षक जॉन सिम्सन ते मूल घेऊन थेट लंडनला गेला, गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांना त्यांच्या घरीच गाठले, आणि मूल व बाप दोघांनाही आईबरोबर पाठवण्याचा हुकूम मिळवला. लोकांनी वर्गणी करून कुटुंबाला कपडेलत्ते दिले. ते गाठोडे जहाजावर गहाळ झाले. जुलै १७८८ मध्ये केबल दांपत्याने कप्तानावर फिर्याद लावली आणि पंधरा पौंडांचा निकाल मिळवला. इंग्लंडात फाशीची शिक्षा झालेल्याला न्यायालयात फिर्यादी म्हणून उभे राहताच आले नसते. इथे वसाहतीचा पहिला दिवाणी दावा त्याने जिंकला! हेन्री पुढे तिथला मुख्य शिपाई झाला, व्यापारी झाला, जहाजे बांधू लागला. त्याला परत जायचेच नव्हते. अशीही माणसे हजारोंनी होती. ‘टिकेट ऑफ लीव्ह’ म्हणजे ठराविक हद्दीत राहून स्वतःची रोजी कमावण्याचा परवाना. तो मिळवून पुढे जमीनजुमला करणाऱ्यांची यादी लांब आहे. खोटा दस्तऐवज केल्याबद्दल आलेला फ्रान्सिस ग्रीनवे सिडनीचा सरकारी शिल्पकार झाला, आणि १९६६ पासून पंचवीसेक वर्षे ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या नोटेवर या बनावट कागदवाल्याचे चित्र होते.

पण जमीन मिळाली, म्हणजे ती कोणाची तरी होती. सिडनीच्या खाडीभोवती इओरा लोक हजारो वर्षे राहत आले होते. १७८९ च्या देवीच्या साथीत त्यांतले कितीतरी नाहीसे झाले. दक्षिणेकडच्या व्हॅन डीमेन बेटावर, म्हणजे आजच्या टास्मानियात, १८२० नंतर मूळ रहिवासी आणि गोरे यांच्यात युद्धच जुंपले. उरलेल्या सुमारे दोनशे मूळ रहिवाशांना उचलून फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवले. १८४७ मध्ये तिथून परत आणले तेव्हा ४७ उरले होते. कैद्यांवर निदान एखाद्या चोरीचा आरोप तरी होता. या लोकांनी कोणाचे काय चोरले होते? त्यांच्या शिक्षेला मुदतही नव्हती. ते वंशज आज आहेत, आणि २६ जानेवारीला ते सण न मानता सुतक मानतात.

माझ्या धंद्यामुळे असेल, पण या साऱ्या इतिहासात एका जागेचा विचार माझ्या मनातून जात नाही. टास्मानियातील पोर्ट आर्थरच्या तुरुंगासमोर, खाडीपलीकडे, पॉइंट प्युअर म्हणून एक खडकाळ टोक आहे. ‘प्युअर’ म्हणजे लॅटिनमध्ये मुलगा. १८३४ पासून १८४९ पर्यंत इथे फक्त मुलांचा तुरुंग होता. इंग्लंडातून समुद्रापार पाठवलेली सुमारे तीन हजार मुले इथे राहून गेली. काही तर नऊ-दहा वर्षांची. मोठ्या कैद्यांच्या संगतीने बिघडू नयेत म्हणून त्यांना वेगळे ठेवले, हा विचार त्या काळाच्या मानाने उदारच म्हटला पाहिजे. त्यांना सुतारकाम, चांभारकाम, होड्या बांधणे, दगड घडवणे शिकवीत. अक्षरओळख होती, प्रार्थना होती. आणि न ऐकणाऱ्यासाठी फटके आणि एकांतकोठडीही होती. आपल्या भाषेत शिक्षा आणि शिक्षण हे शब्द एकाच धातूतून निघाले आहेत. पॉइंट प्युअरला ते एकाच छपराखाली राहत होते. तिथली मुले घडवलेल्या दगडावर आपले नाव कोरायला शिकली असतील, पण ते नाव वाचायला घरचे कोणी नव्हते. वाईट मुलाला आई-बापांपासून पंधरा हजार मैल तोडले की तो सुधारतो, हा सिद्धांत कोणत्या शिक्षकाने काढला असेल?

चोरांना सोडून सरकारने ही शिक्षा मतांवरही वापरली. १८३४ साली डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्यातले सहा शेतमजूर पकडले गेले. त्यांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठांवरून सात झाली होती आणि सहावर आणण्याची धमकी होती. त्यांनी संघ काढला. संघ काढणे १८२४ पासून गुन्हा नव्हता. म्हणून सरकारी वकिलाने आरमारातल्या बंडानंतर केलेला १७९७ चा, गुप्त शपथेविरुद्धचा कायदा उकरून काढला. सर्वांना सात वर्षे. त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस मेथॉडिस्ट पंथाचा प्रवचनकार होता. देशभर खळबळ उडाली, लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, लाखो सह्यांचे अर्ज गेले, आणि मार्च १८३६ मध्ये पूर्ण माफी जाहीर झाली. पण माफीलाही तेवढेच अंतर कापायचे होते. लव्हलेस १८३७ मध्ये घरी पोहोचला, आणखी चौघे १८३८ मध्ये, आणि सहावा जेम्स हॅमेट १८३९ मध्ये. सात वर्षांची शिक्षा माफ झाली, तरी त्याच्या आयुष्यातली पाच वर्षे गेलीच.

आणि परत येऊन काय झाले? पाच जण थोड्याच वर्षांत इंग्लंड सोडून कॅनडाला निघून गेले, या वेळी आपल्या पायांनी. एकटा हॅमेट टॉलपडलला राहिला आणि १८९१ साली अनाथ-म्हाताऱ्यांच्या सरकारी आश्रमात मरण पावला. एकदा ज्याला गावाने गमावले तो गावाला पूर्णपणे परत मिळत नाही.

ही शिक्षा संपली ती दयेपेक्षा हिशेबाने. १८३८ मध्ये पार्लमेंटच्या समितीने कैद्यांना खाजगी मालकांकडे राबायला देण्याची पद्धत गुलामगिरीच्या तोडीची ठरवली. १८४० मध्ये न्यू साऊथ वेल्सला कैदी पाठवणे थांबले. १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात सोने सापडले, आणि जिथे जायला प्रामाणिक माणूस घरदार विकत होता तिथे चोराला फुकट पोहोचवणे हास्यास्पद झाले. १८५३ मध्ये टास्मानियाने सुटकेचा उत्सव केला. पश्चिम ऑस्ट्रेलियाला मात्र मजूर हवे होते. तिथे शेवटचे जहाज ‘हूगूमाँ’ जानेवारी १८६८ मध्ये लागले. त्यात ६२ आयरिश क्रांतिकारक होते. ऐंशी वर्षांत ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांची एकूण संख्या सुमारे १,६२,००० भरते. त्यांच्या अकरा वास्तू २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि पूर्वज कैदी निघाला तर आजचा ऑस्ट्रेलियन ते लपवीत नाही, अभिमानाने सांगतो.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपली आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने समुद्रापार हद्दपारीची ही शिक्षा आपल्या कायद्यातून काढून टाकली १८५७ साली. अंदमानला आपले बंदिवान उतरले १८५८ मध्ये. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत तीच शिक्षा कायम लिहिली गेली. स्वतःच्या घरात जे क्रूर आणि कुचकामी ठरले ते भांडे इंग्रजाने फेकले नाही, आमच्याकडे पाठवले. एका भूमीतला हॅमेट बहात्तर वर्षांपूर्वी परत आला होता, आणि दुसऱ्या भूमीत सावरकर १९११ साली पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन अंदमानाला जात होते, हे एकाच कायद्याचे दोन अध्याय आहेत. अंदमानच्या आधीही पिनांग, सिंगापूर, मॉरिशस येथे आपले कैदी रस्ते बांधायला गेले, त्यांतल्या बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्यासाठी बॉस्वेल नव्हता, लाखो सह्यांचे अर्ज नव्हते.

आपल्या दंडसंहितेतून समुद्रापार पाठवण्याची शिक्षा १९५५ च्या दुरुस्तीने गेली. त्या जागी जन्मठेपेची कैद आली. शब्द कायद्यातून गेला, बोलण्यात राहिला. दूरच्या गैरसोयीच्या गावी बदली झाली की आपण सहज म्हणून जातो, काळ्या पाण्यावर पाठवले. म्हणताना हसतो. हसायला हरकत नाही. पण या शब्दामागे दीड-पावणेदोन लाख इंग्रज आणि आयरिश माणसे आहेत, आपले हजारो अनाम बंदिवान आहेत, फ्लिंडर्स बेटावर विझत गेलेली माणसे आहेत. आणि ज्यांचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही, अशी त्या सर्वांच्या घरची माणसेही आहेत. मुदत संपल्याचा दिवस त्यांनी मोजून ठेवला असेल, आणि त्या दिवशी वाटेकडे पाहिले असेल.